दृष्टांतापासून ‘वाक्यात उपयोगा’पर्यंत

‘पुढील वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न ज्याने कधी सोडविला नाही असा मराठी माध्यमातून शिकलेला माणूस सापडणे कठीण. प्रश्नाची ही शब्दरचना इतकी अंगवळणी पडली आहे की, तिला काही इतिहास असेल, ती कोणत्या तरी काळात आणि कोणाच्या तरी गरजेतून आली असेल, असे आपल्या मनातही येत नाही. वस्तुतः प्रत्येक अध्यापनपद्धती एक विद्यार्थी गृहीत धरून चाललेली असते. तेव्हा या प्रश्नाने गृहीत धरलेला विद्यार्थी कोण, आणि आपल्या वर्गात बसलेला मुलगा किंवा मुलगी तोच विद्यार्थी आहे काय, हे तपासून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

हा मागोवा नागपूरच्या आधाराने घेण्यास दोन कारणे आहेत. आलंकारिक बोलणे समजावून सांगण्याची मराठीतील सर्वांत जुनी लिखित पद्धत याच विदर्भाच्या भूमीत आकाराला आली. आणि नागपूर हे दीर्घ काळ दोन भाषांचे शहर राहिल्यामुळे, मुलांना वाक्प्रचार कळण्यात नेमकी अडचण कोठे येते, हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके एकभाषी गावात दिसत नाही.

प्रथम थोडे काव्यशास्त्र. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत: मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी असलेला योग, आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक. रूढीचे त्याचे उदाहरण ‘कर्मणि कुशलः’ हे आहे. कुश म्हणजे दर्भ. हात न कापता, नेमका दर्भ निवडून आणणारा तो कुशल. त्यावरून कोणत्याही कामात निपुण असलेला तो कुशल. पुढे विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त या उदाहरणावरच आक्षेप घेतला. त्याचे म्हणणे असे की, शब्दाच्या व्युत्पत्तीचे निमित्त वेगळे आणि त्याच्या वापराचे निमित्त वेगळे; ‘कुशल’ म्हणताना दर्भ कोणाच्याही मनात नसतो, म्हणून निपुण हाच त्याचा मुख्यार्थ होय. आपल्या शालेय प्रश्नपत्रिकेने नकळत विश्वनाथाचा पक्ष घेतला आहे. ‘नाकी नऊ येणे’ म्हणजे ‘खूप त्रास होणे’. मधले नाक आणि नऊ विसरून जा, असे ती सांगते. ज्याला भाषा येते त्या प्रौढ भाषकापुरता विश्वनाथ बरोबर आहे. पण जो भाषेत नुकता येतो आहे त्याच्या बाबतीत मम्मटाचा क्रमच पाळावा लागतो, कारण मुख्यार्थाचा बाध जाणवण्यासाठी मुख्यार्थ आधी कळलेला असावा लागतो. या लेखाचे प्रतिपादन एवढेच आहे.

आता विदर्भातील त्या जुन्या पद्धतीकडे वळू. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे प्रमुख स्थान. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, आणि त्याच परंपरेत केसोबासांनी चक्रधरांच्या दृष्टांतांचे संकलन केले, ते ‘दृष्टांतपाठ’ म्हणून ओळखले जाते. त्यात ११४ दृष्टांत आहेत, आणि त्यांची मांडणी तीन पदरी आहे. आधी सूत्र, मग दृष्टांत, आणि शेवटी दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे सांगावयाचे तत्त्व. दृष्टांत म्हणजे रोजच्या जगण्यातले चित्र. दार्ष्टांतिक म्हणजे त्या चित्रातील कोणती गोष्ट तत्त्वातील कोणत्या गोष्टीशी जुळते याचा उलगडा. हत्ती आणि आंधळे यांचा प्रसिद्ध दृष्टांत त्यात आहे. ज्याच्या हाती जो अवयव आला त्याने तेवढाच हत्ती सांगितला, ही गोष्ट तिथे स्वतःच्या पायावर उभी आहे. तत्त्वज्ञान कळो न कळो, गोष्ट कळते. ती पूर्ण कळल्यावरच तिचा रोख उलगडला जातो.

हे ग्रंथ मुलांसाठी रचलेले नव्हते, हे उघड आहे. पण त्यांचा श्रोता केवळ पंडित नव्हता. स्त्रिया, कष्टकरी, संस्कृत न जाणणारी माणसे त्यात होती. अशा श्रोत्याला अमूर्त गोष्ट सांगताना मधले चित्र गाळून चालत नाही, ही जाणीव त्या त्रिपदरी मांडणीत दिसते. दुर्दैवाने हे वाङ्मय सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये पंथाच्या आत जपले गेले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांचा उलगडा होईपर्यंत बाहेरच्या मराठी जगाला ते जवळजवळ बंद होते. नागपूरच्या डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ तर १९७८ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे एकोणिसाव्या शतकात ज्यांनी मराठीची शालेय पुस्तके घडविली त्यांच्यासमोर ही परंपरा नव्हतीच. त्यांच्यासमोर होता तो कोश.

हा कोश कोणासाठी होता? १८२९ साली मुंबईत शास्त्रीमंडळींनी तयार केलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ प्रसिद्ध झाला. तो मराठी शब्दांचे अर्थ मराठीतच देत होता. दोनच वर्षांनी, १८३१ मध्ये, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला, आणि १८५७ मध्ये टॉमस कँडी यांच्या साहाय्याने त्याची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती निघाली. मराठी शब्दांचा, वाक्प्रचारांचा आणि म्हणींचा तो अपूर्व खजिना आहे. आजही अडलेल्या शब्दासाठी आपण त्याच्याकडेच जातो. पण त्याचा मूळ वाचक होता कंपनी सरकारचा अधिकारी किंवा मिशनरी: प्रौढ, शिकलेला, स्वतःच्या भाषेत जगाची सर्व समज घेऊन आलेला. त्याला लाज, राग, फसवणूक, पश्चात्ताप या गोष्टी ठाऊक होत्या. मराठीत त्यांना काय म्हणतात एवढेच हवे होते. अशा वाचकाला ‘या शब्दसमूहाचा अर्थ अमुक’ एवढे समीकरण पुरते. कचेरीत उभ्या असलेल्या फिर्यादीने ‘माझ्या तोंडचे पाणी पळाले’ म्हटल्यावर साहेबाला पाण्याचा शोध घ्यायचा नव्हता, फिर्यादी घाबरला होता एवढेच समजून घ्यायचे होते.

कोश आणि शाळा यांना जोडणारा दुवा म्हणजे मेजर कँडी. कोशाच्या कामातून आलेले कँडी पुढे सरकारी मराठी भाषांतराचे आणि क्रमिक पुस्तकांच्या तपासणीचे सूत्रधार झाले. मराठी छापील गद्यात विरामचिन्हे रुळविण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते. परक्यांसाठी रास्त असलेले समीकरण देशी मुलांच्या पुस्तकात शिरले ते कोणा एकाच्या हट्टाने असे मला म्हणायचे नाही. कोश लिहिणारी, पुस्तके तपासणारी आणि परीक्षा घेणारी यंत्रणा एकच असल्यावर तिची सवयही एकच असणार. शिवाय समीकरण तपासायला सोपे असते. उत्तर बरोबर की चूक हे एका दृष्टिक्षेपात ठरते, आणि वाढत्या शाळांच्या काळात ही सोय लहान नव्हती.

१८९९ साली ऑक्सफर्डहून रेव्हरंड ए. मॅनवेअरिंग यांचा मराठी म्हणींचा संग्रह इंग्रजी भाषांतरासह निघाला. तोही बाहेरच्या वाचकांसाठीच होता, पण त्यात एक गोष्ट लक्षणीय आहे. म्हणी वर्णानुक्रमाने न लावता शेती, प्राणी, शरीर, अन्न अशा विषयवार लावलेल्या आहेत. म्हणजे म्हणीचा अर्थ ज्या जगातून आला ते जग या परक्या संग्राहकाने निदान विभागांच्या नावांत तरी शिल्लक ठेवले. पुढे ‘आनंद’ हे मुलांचे मासिक १९०६ मध्ये सुरू करणाऱ्या वा. गो. आपट्यांनी मराठीचे संप्रदाय व म्हणी यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ १९४२ व १९४७ मध्ये दोन भागांत आला. आता मराठी वाचकासाठी मराठीतच सामग्री सिद्ध झाली होती. पण शाळेच्या प्रश्नपत्रिकेने या कोशांतून अर्थ तेवढे उचलले. संदर्भ कोशातच राहिले. ‘वाक्यात उपयोग करा’ या पुस्तीमुळे समीकरणाला व्यवहाराची जोड मिळेल अशी अपेक्षा असावी. प्रत्यक्षात विद्यार्थी ‘रामच्या नाकी नऊ आले’ असे चार शब्दांचे वाक्य लिहितो, आणि त्या वाक्यात ‘नाकी नऊ’च्या जागी दुसरा कोणताही वाक्प्रचार घातला तरी चालून जातो.

या पद्धतीमागे एक समजही आहे. लहान मुले शब्द अक्षरशः घेतात, त्यांना आलंकारिक अर्थ कळत नाही, म्हणून तो बाहेरून पुरवावा लागतो, ही ती समज. बालभाषेच्या अभ्यासकांनी गेल्या चार-पाच दशकांत ती बरीच सैल केली आहे. एलन विनर यांनी १९८८ च्या आपल्या पुस्तकात दाखविले की, शाळेत जाण्याच्या वयाआधीच मुले खेळाखेळात एका वस्तूला दुसऱ्या वस्तूचे नाव देऊन रूपके निर्माण करीत असतात. रेमंड गिब्ज यांच्या १९८७ च्या अभ्यासात, ज्या वाक्प्रचारांचे वाच्य चित्र आणि लाक्षणिक अर्थ यांतला धागा दिसण्यासारखा आहे, ते वाक्प्रचार लहान मुलांना अधिक सहज समजतात असे आढळले. इटलीत काच्चारी आणि लेवोरातो यांनी १९८९ मध्ये दाखविले की, गोष्टीच्या संदर्भात आलेला वाक्प्रचार प्राथमिक शाळेतील मुलेही ओळखू शकतात. तोच सुटा काढून विचारला की अडखळतात. सुटा काढून विचारणे ही तर आपल्या प्रश्नाची रीतच आहे.

नागपूरकरांना हे कळण्यासाठी इटलीला जाण्याची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येथे तान्हा पोळा भरतो. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून ही प्रथा चालत आल्याचे परंपरा सांगते. मोठ्यांचे बैल शेतातले, मुलांचे बैल लाकडाचे, चाके लावलेले. मूल त्याच्या शिंगांना बेगड लावते, त्याला ओढत नेते, घरोघर बोजारा मागते. हा बैल खरा नाही हे त्याला पक्के ठाऊक असते, आणि तरी त्याला बैलाचा मान द्यायचा असतो हेही ठाऊक असते. मुख्यार्थाचा बाध आणि मुख्यार्थाशी योग, या दोन्ही अटी येथे चार वर्षांचे मूल दोरी हातात धरून पूर्ण करते.

त्याच दिवशी मारबतींची मिरवणूक निघते. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकापासून इतवारी-महाल परिसरात काळी आणि पिवळी अशा दोन मारबती निघत आल्या आहेत. काळी मारबत ही भोसले घराण्यातील बाकाबाईंचे प्रतीक असल्याचे सांगितले जाते. इंग्रजांना अनुकूल झाल्याचा ठपका लोकस्मृतीने तिच्यावर ठेवला. बरोबर असतात ते बडगे, त्या त्या वर्षीच्या महागाईवर, भ्रष्टाचारावर, पुढाऱ्यांवर टीका करणारे पुतळे. रोगराई असो की दरवाढ, जे नको ते ‘घेऊन जा गे मारबत’ असा पुकारा होतो आणि शेवटी तिचे दहन होते. खांद्यावर बसून ही मिरवणूक पाहणाऱ्या मुलाला कोणीही ‘मारबत म्हणजे अनिष्टाचे प्रतीक’ असे समीकरण देत नाही. आधी त्याला अवाढव्य बाहुली दिसते. मग लोक तिच्यावर ओरडताना दिसतात. मग ती जळताना दिसते. पुढे कधीतरी घरात कोणी एखाद्या बाईला रागाने मारबत म्हटले की त्याला तो शब्द कळतो. चित्र आधी, अर्थ नंतर. रिद्धपूरचा दृष्टांत आणि इतवारीची मारबत यांच्यात सहाशे वर्षांचे अंतर असले तरी शिकविण्याची रीत एकच आहे.

नागपूरचे दुसरे वैशिष्ट्य भाषेचे. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला, १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडला गेला, आणि १९५६ पर्यंत नागपूर हे हिंदी व मराठी अशा दोन्ही मुलखांचे राजधानीचे शहर होते. त्याचा ठसा आजही येथील बोलण्यावर आहे. ग्रीअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात वऱ्हाडी-नागपुरीचे नमुने आहेत. या सर्वेक्षणासाठी बोलीबोलींतून उतरवून घेतलेला ठरीव मजकूर म्हणजे बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट. म्हणजे हाही एक दृष्टांतच. बोलीतील शब्द, प्रत्यय, क्रियापदे त्यातून नोंदली गेली. पण भाषांतरित मजकुरात बोलीचे स्वतःचे वाक्प्रचार येण्यास फारसा वाव नसतो.

हे वाक्प्रचार दोन भाषांच्या सीमेवर कसे वागतात ते पाहण्यासारखे आहे. मराठीत भूक लागली की पोटात कावळे ओरडतात. हिंदीत पोटात उंदीर धावतात. नागपूरच्या मधल्या सुट्टीत हे दोन्ही प्राणी एकाच डब्याभोवती आढळतात, आणि ‘पोटात उंदीर धावून राहिले’ असे म्हणणारे मूल काही चुकीचे बोलत नसते. हिंदीत ‘पानी-पानी होना’ म्हणजे शरमिंदे होणे; मराठीत तहानेने जीव कासावीस झालेला माणूस पाणी पाणी करतो. सर्वांत उद्बोधक जोडी सोंगट्यांच्या खेळातली आहे. तीन फाशांवर एक आणि बारा असे दान पडले की ते पौबारा. हिंदीत ‘पौ बारह होना’ म्हणजे नशीब उघडणे, चांदी होणे. मराठीत ‘पोबारा करणे’ म्हणजे पळ काढणे. पट एक, फासे एक, दानही एक. एका भाषेने जिंकणाऱ्याचा आनंद टिपला, दुसरीने जणू हातून निसटणारी सोंगटी. ज्या मुलाच्या घरी हिंदी आणि शाळेत मराठी आहे त्याला ‘पोबारा करणे म्हणजे पळून जाणे’ एवढेच सांगितले तर तो गोंधळतो, आणि त्याचे कारण शिक्षकाला उमगत नाही. फाशांचे चित्र सांगितले तर दोन्ही अर्थ त्याच्या ध्यानात राहतात, आणि एकाच गोष्टीकडे पाहताना दोन भाषा वेगवेगळे काय उचलतात, हा भाषाभ्यासाचा पहिला धडाही त्याला मिळतो.

तिसरी अडचण सर्वत्रच आहे. वाक्प्रचारांतील वस्तू मुलांच्या जगातून गेल्या आहेत. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण बोअरवेल आणि नळ पाहिलेल्या मुलाला पोहोचत नाही. तिला आड म्हणजे अरुंद विहीर आणि पोहरा म्हणजे दोरीने आत सोडायचे भांडे, हे आधी सांगावे लागते. ‘काखेत कळसा, गावाला वळसा’ यातील कळसा म्हणजे देवळाचा कळस असे अनेक मुलांना वाटते, आणि तो काखेत कसा मावला याचे त्यांना रास्त आश्चर्य वाटते. ‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ ही तर एक पूर्ण छोटी गोष्टच आहे. जात्याच्या तोंडात पडलेले दाणे भरडले जात आहेत, सुपातले त्यांच्याकडे पाहून हसत आहेत, आणि दळणारीचा हात पुढच्या मुठीसाठी सुपाकडे वळला आहे. हे एकदा डोळ्यांसमोर आले की अर्थ सांगावा लागत नाही. ते न सांगता ‘दुसऱ्याच्या संकटाला हसू नये’ असे लिहून दिले, तर मूल उपदेश लिहून घेते. हसणाऱ्यांनाही तेथेच जायचे आहे, हे म्हणीतील मर्म त्याच्यापर्यंत जात नाही.

‘दुष्काळात तेरावा महिना’ घ्या. सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी चांद्र वर्षात एक अधिक मास धरावा लागतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता. धान्य बारा महिन्यांच्या हिशेबाने कणगीत ठेवलेले, त्यात दुष्काळ, आणि पंचांगात एक महिना जास्तीचा. विदर्भातील मुलाला दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही. त्याला तेरावा महिना तेवढा समजावून सांगावा लागतो. ‘संकटात आणखी संकट’ हे उत्तर बरोबर आहे, पण त्या उत्तरात घरातल्या बाईने रिकाम्या होत चाललेल्या कणगीत घातलेला हात नाही.

येथवर प्रश्न समजण्याचा होता. पण चित्र सांगायचे ठरविले की एक नवी जबाबदारी येते, ती खरे सांगण्याची. वाक्प्रचारांच्या जन्मकथा बहुधा रंजक असतात, आणि रंजक कथा पारखून न घेता वर्गात सांगितल्या जातात. ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार पानिपतावरून आला, कारण ती लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली, असे सर्रास सांगितले जाते. लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली हे खरे. पण मकरसंक्रांत इंग्रजी पंचांगात हळूहळू पुढे सरकत आली आहे. विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या संक्रांतीचा, आणि ती तारीख होती १२ जानेवारी. त्याच्या शंभर वर्षे आधी संक्रांत आणखी अलीकडच्या तारखेला येत असे. म्हणजे पानिपतच्या रणसंग्रामाच्या काही दिवस अगोदरच ती होऊन गेलेली होती. वाक्प्रचाराचे चित्र पंचांगातच आहे. संक्रांत ही देवता अमुक वाहनावर बसून येते, अमुक दिशेस पाहते, आणि ज्याकडे ती पाहते त्याचे अनिष्ट होते, असे वर्णन दरवर्षी छापले जाते. ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार मात्र त्या लढाईचाच आहे. दोन्ही मिसळण्याचे काही कारण नाही.

‘ध चा मा करणे’ याची कथा अधिक गंभीर आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’ पुसून आनंदीबाईंनी ‘मारावे’ असे केले, ही कथा सर्वश्रुत आहे. मात्र तसा बदललेला कागद इतिहाससंशोधकांच्या हाती आलेला नाही. तरीही ‘शब्दात फेरफार करणे’ या निरुपद्रवी अर्थासाठी आपण पिढ्यानपिढ्या मुलांना एका स्त्रीविरुद्धचा निकाल ऐकवत आलो आहोत. बाकाबाईंची मारबत आणि आनंदीबाईंचा ‘मा’ शेजारी ठेवून पाहिले म्हणजे राज्य बुडाल्याचा आणि खून झाल्याचा दोष लोकभाषा कोणाच्या पदरात टाकते, हेही दिसते. कथा सांगू नये असे नाही. ती कथा आहे हे सांगावे.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण नागपूरकरांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १७४२ पासून रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालवर गेल्या. १७५१ च्या तहापर्यंत त्या स्वाऱ्या चालू राहिल्या. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार तो बारगीर, हा आपल्याकडे एक साधा पारिभाषिक शब्द. बंगालीत त्याचा ‘बर्गी’ झाला, आणि बर्गी आले म्हणून मुलाला निजविणारे अंगाईगीत तेथे आजही प्रसिद्ध आहे. आपल्या इतिहासातील पराक्रमाचा शब्द दुसऱ्याच्या पाळण्यापाशी भीतीचा शब्द झाला. आलंकारिक भाषेत कोणाचा तरी अनुभव गोठलेला असतो, आणि तो नेहमी आपल्या बाजूचा असेलच असे नाही.

हे सर्वाधिक जाणवते ते जातींच्या, विधवांच्या, अपंगांच्या नावाने चालणाऱ्या म्हणींच्या बाबतीत. एकोणिसाव्या शतकातील संग्रहांत अशा म्हणी भरपूर आहेत, आणि त्यांतल्या कित्येक आजही बोलण्यात येतात. त्यांविषयी हरकत घेतली की ठरलेले उत्तर मिळते: शब्दशः घेऊ नका, लाक्षणिक अर्थ घ्या. हे उत्तर देणाऱ्याचे नाव त्या म्हणीत नसते. वर्गातील ज्या मुलाची जात वाच्यार्थात आहे, किंवा ‘आंधळे दळते, कुत्रे पीठ खाते’ हे ऐकणारी जी मुलगी स्वतः पाहू शकत नाही, तिला वाच्यार्थ ओलांडून पुढे जाता येत नाही. बाकीच्यांसाठी जे चित्र पुसले गेले आहे ते तिच्यासाठी ठळक असते. चक्रधरांच्या हत्तीच्या दृष्टांतातही आंधळेच आहेत. पण तेथे त्यांच्या ठिकाणी आपण सारेच आहोत असे दार्ष्टांतिक सांगते. म्हणीत आंधळे एकटेच राहते, आणि हसणारे बाहेर उभे असतात.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसांनी बाबासाहेब आंबेडकरांसमवेत धम्मदीक्षा घेतली. जुनी ओळख टाकून देणे म्हणजे त्या ओळखीला चिकटलेली भाषाही टाकून देणे, हा त्या घटनेचा एक अर्थ आहे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. वस्तीच्या पाटीवरचे नाव बदलता येते, तोंडातली म्हण आदेशाने बदलत नाही. ती जाते तेव्हा तिच्यातले चित्र लख्ख दिसल्यामुळे जाते. ‘अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा’ ही पद्धत नेमके हेच होऊ देत नाही, कारण ती चित्र झाकून ठेवते, आणि वर अशा म्हणीचा वाक्यात उपयोगही करायला लावते. मुख्यार्थ पाहण्याची सवय लागलेले मूल स्वतःच विचारते की, येथे आंधळ्याला का आणले? त्या प्रश्नाला शिक्षकाने उत्तर दिले पाहिजे, आणि काही म्हणी इतिहासाच्या तासाला पाठवून भाषेच्या तासातून काढल्या पाहिजेत.

तात्पर्य, वाक्प्रचारांचे अध्यापन बदलायचे तर मोठ्या सुधारणेची आवश्यकता नाही. प्रश्नांचा क्रम बदलावा लागेल. पहिला प्रश्न असा असावा: हे प्रत्यक्षात घडले तर डोळ्यांना काय दिसेल? ‘उंटावरून शेळ्या हाकणे’ याचे चित्र कागदावर काढायला सांगितले तर उंटाची उंची आणि शेळीची उंची यांतले अंतर मूल आपोआप काढते, आणि त्या अंतरातच अर्थ असतो. दुसरा प्रश्न: ते जसेच्या तसे खरे का नसावे? हा झाला मुख्यार्थाचा बाध. तिसरा: मग बोलणाऱ्याने हेच चित्र का निवडले असेल? हा झाला योग. अर्थ चौथ्या क्रमांकावर यावा, आणि तो बहुतेक वेळा मुलांनीच सांगितलेला असेल. घरी याच अर्थाने काय म्हणतात, हा पाचवा प्रश्न नागपूरसारख्या ठिकाणी अवश्य विचारावा, म्हणजे वऱ्हाडी, हिंदी, गोंडी, छत्तीसगढी बोलणाऱ्या घरांतील चित्रे फळ्यावर येतील.

२०२४ मध्ये रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दोन घटनांचा उल्लेख समारंभांतून पुष्कळ होतो. ज्या गावात सूत्र आणि दार्ष्टांतिक यांच्या मधोमध दृष्टांताला हक्काची जागा होती, त्या गावाच्या नावाने विद्यापीठ चालविताना शालेय मराठीच्या प्रश्नपत्रिकेतही ती मधली जागा मोकळी करून द्यावी, एवढी अपेक्षा मराठीच्या शिक्षकांनी आणि अभ्यासकांनी ठेवायला हरकत नाही.